सी ड्राइव्ह लाल झाला की

'धिस पीसी' उघडल्यावर सी ड्राइव्हची निळी पट्टी लाल झालेली दिसली की आवराआवर सुरू होते. डाउनलोड्सचं फोल्डर रिकामं होतं, रिसायकल बिन साफ होते, लग्नाचे व्हिडिओ पेन ड्राइव्हवर जातात. एवढं करूनही जागा पुरत नाही, तेव्हा कुणीतरी ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडतं. तिथे तळाशी एक छोटा चौकोन असतो : जागा वाचवण्यासाठी हा ड्राइव्ह कॉम्प्रेस करा. पैसे पडत नाहीत, काही डिलीट करावं लागत नाही, नवी डिस्क आणावी लागत नाही. टिक केली, ओके म्हटलं, की काम झालं.

विंडोज व्हिस्टा आणि विंडोज ७ च्या काळात असं ओके म्हणून बसलेल्या कित्येकांचा संगणक पुढच्या वेळी सुरूच झाला नाही. काळ्या स्क्रीनवर एकच ओळ यायची, 'बूट-एमजीआर इज कॉम्प्रेस्ड', आणि सोबत कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबायची सूचना. ते दाबलं की पुन्हा तीच ओळ. बूट मॅनेजर हा संगणक चालू होताना अगदी सुरुवातीला लागणारा छोटासा प्रोग्रॅम. कॉम्प्रेस केलेल्या फाइल्स उलगडायचं काम विंडोज करते. पण विंडोज अजून सुरूच झालेली नसते आणि तिला सुरू करणारी फाइलच कॉम्प्रेस होऊन बसलेली असते. एक्सपीच्या काळात हाच संदेश 'एनटीएलडीआर' या फाइलच्या नावाने यायचा. फोटो, कागदपत्रं, हिशेब सगळं डिस्कवर जागच्या जागी असायचं, पण इन्स्टॉलेशनची डीव्हीडी घालून दुरुस्ती केल्याशिवाय त्यातलं काही हाती लागायचं नाही.

या अनुभवाने पोळलेल्या अनेकांनी कॉम्प्रेशनच्या नावावर कायमची काट मारली. तसं करण्याचं कारण नाही. तंत्र भक्कम आहे आणि रोज वापरात आहे. गडबड होते ती सगळा ड्राइव्ह एकाच टिकेत दाबायला घेतला की. एका ड्राइव्हवर नाना स्वभावाच्या फाइल्स नांदत असतात. काही निम्म्याहून लहान होतात, काही तसूभरही हलत नाहीत, आणि काहींना हात लावला तर उलट त्रास देतात. कॉम्प्रेस करायचं की नाही हे फोल्डरगणिक ठरवावं लागतं, आणि त्यासाठी फाइलच्या आत काय असतं ते जरा जवळून पाहावं लागतं.

पाहायला आपलीच लिपी घेऊ. 'मराठी' हा शब्द साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून सेव्ह केला, तर आज सगळीकडे चालणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीत डिस्कवर पंधरा बाइट जातात. म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी अशी पाच चिन्हं आणि दर चिन्हाला तीन बाइट. आकड्यांत ते असे दिसतात : २२४ १६४ १७४, २२४ १६४ १७६, २२४ १६४ १९०, २२४ १६४ १६०, २२४ १६५ १२८. प्रत्येक तिकडीतला पहिला आकडा २२४ च आहे. देवनागरीत काहीही लिहा, ज्ञानेश्वरी असो की किराण्याची यादी, तो बदलत नाही. दुसरा आकडा १६४ किंवा १६५, तिसरा पर्याय नाही. स्वर, व्यंजनं, अनुस्वार, काना आणि पहिली वेलांटी १६४ च्या घरात; दुसरी वेलांटी, उकार, मात्रा, पायमोडं अक्षर करणारी खूण आणि देवनागरी अंक १६५ च्या घरात. नवं काही सांगतो तो मुख्यतः तिसरा आकडाच.

म्हणजे मराठी मजकुराच्या फाइलमधल्या जवळजवळ एक तृतीयांश बाइटमध्ये शून्य माहिती आहे आणि दुसऱ्या एक तृतीयांशात अगदी नाममात्र. जुन्या काळी हे असं नव्हतं. १९९१ च्या इस्की या भारतीय प्रमाणात एका चिन्हाला एक बाइट पुरायचा, आणि डीटीपीवाल्यांच्या श्री-लिपीसारख्या फॉन्टमध्येही साधारण तोच हिशेब होता. युनिकोडमुळे मराठी जगभरच्या संगणकांवर सारखीच दिसू लागली, शोधता येऊ लागली, हा फायदा अमोल आहे. त्याची किंमत म्हणून मजकूर डिस्कवर तिप्पट जागा घेऊ लागला. कॉम्प्रेशन ही वाढीव जागा बरीचशी परत मिळवून देतं. त्याशिवाय 'आहे', 'आणि', 'त्यामुळे', 'असतात' असे शब्द मराठीत पानोपानी येतात, 'च्या', 'साठी', 'मध्ये' तर ओळीओळीला. तेही आकसतात.

हे आकसणं कसं होतं, याचा पाया तीन टप्प्यांत घातला गेला. १९४८ मध्ये बेल लॅब्जमधल्या क्लॉड शॅनन यांनी माहिती मोजता येते हे दाखवलं. पुढचं चिन्ह जितकं आधी ओळखता येतं तितकी त्यात माहिती कमी, आणि तितक्या कमी जागेत ते मावतं. १९५२ मध्ये डेव्हिड हफमन यांनी वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड आणि क्वचित येणाऱ्यांना लांब सांकेतिक खुणा देण्याची सर्वांत काटकसरीची रीत प्रसिद्ध केली. एमआयटीत शिकत असताना प्राध्यापक रॉबर्ट फॅनो यांनी वर्गाला परीक्षा किंवा टर्म पेपर असा पर्याय दिला होता; खुद्द फॅनोंना पूर्णपणे न सुटलेला प्रश्न या विद्यार्थ्याने टर्म पेपरसाठी घेतला आणि सोडवला. तिसरा टप्पा १९७७ चा. इस्रायलमधल्या हैफाच्या टेक्नियन संस्थेतले जेकब झिव्ह आणि अब्राहम लेम्पेल यांनी सुचवलं, की आधी येऊन गेलेला तुकडा पुन्हा आला तर तो पुन्हा लिहूच नका. 'इतके बाइट मागे जा, तिथून इतके उचला' एवढीच नोंद करा. झिपपासून विंडोजच्या त्या चौकोनापर्यंत आज जे काही वापरलं जातं, त्यातल्या बहुतेकांचं मूळ या दोघांच्या कल्पनेत आहे.

यात एक अट मात्र सुटत नाही. उलगडल्यावर मूळ फाइल बाइटन् बाइट परत मिळायला हवी असेल, तर प्रत्येक फाइल लहान करणारं तंत्र कधीही निघू शकत नाही. ठरावीक लांबीच्या जितक्या फाइल्स संभवतात, त्यांच्यापेक्षा त्याहून आखूड फाइल्सची एकूण संख्या नेहमी कमी भरते. काही फाइल्स लहान करायच्या तर दुसऱ्या काही जागच्या जागी राहणार किंवा किंचित फुगणार. हे गणित आहे, ते पुढच्या आवृत्तीत सुधारणार नाही.

जागा न सोडणाऱ्या या फाइल्स कोणत्या? नेमक्या त्याच, ज्यांनी घरातले बहुतेक ड्राइव्ह भरलेले असतात. फोनवरचे फोटो सहसा जेपेग असतात आणि जेपेग म्हणजे आधीच कॉम्प्रेस केलेलं चित्र. त्यामागचं गणित, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, बेंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांना सुचलं. अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात असताना १९७२ मध्ये त्यांनी त्यासाठी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितलं आणि ते नाकारलं गेलं. तरीही त्यांनी काम सोडलं नाही, आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये ते प्रसिद्ध केलं. आज जगातला जवळजवळ प्रत्येक डिजिटल फोटो आणि व्हिडिओ त्या कुळातल्या गणितातून जातो. एमपी३ गाणी, एमपी४ व्हिडिओ, व्हॉट्सअॅपवर आलेलं सगळं याच जातीचं. त्यांना पुन्हा कॉम्प्रेस करणं म्हणजे रस काढलेलं चिपाड परत चरकात घालणं.

ऑफिसच्या फाइल्सचीही तीच गत. २००७ पासून वर्ड आणि एक्सेलच्या नव्या पद्धतीच्या फाइल्स मुळात झिपच असतात. अशी कुठलीही वर्ड फाइल नोटपॅडमध्ये ओढून टाकली, तर कचऱ्यासारख्या दिसणाऱ्या चिन्हांच्या सुरुवातीला रोमन लिपीतली 'पी' आणि 'के' ही दोन अक्षरं दिसतात. ती फिल कॅट्झ यांची आद्याक्षरं. १९८९ मध्ये त्यांनी पीकेझिप हा प्रोग्रॅम आणि झिपची रचना लोकांसमोर आणली, आणि आजही जगभरच्या अब्जावधी फाइल्स त्यांच्या सहीनिशी फिरत असतात. अँड्रॉइडवरच्या एपीके फाइल्स आणि ईपब पुस्तकं यांचीही सुरुवात याच दोन अक्षरांनी होते.

इथे खरी कुचंबणा कळते. जे छान दाबलं जातं ते मुळात छोटं असतं, आणि जे जागा खातं ते दाबलं जात नाही. पाच लाख चिन्हांची कादंबरी साध्या टेक्स्टमध्ये दीड मेगाबाइटच्या आतच राहते. फोनने काढलेला एक फोटो तिच्या दुप्पट-तिप्पट भरतो. ती कादंबरी निम्मी करून वाचलेली जागा एका फोटोलाही पुरायची नाही. फोटो आणि चित्रपटांनी भरलेल्या ड्राइव्हवर टिक करून तासन् तास वाट पाहिली, तरी पट्टी लालच राहते ती यामुळे.

काही मोठ्या फाइल्स मात्र याला अपवाद असतात, आणि कॉम्प्रेशनची खरी कमाई तिथेच होते. सर्व्हरच्या लॉग फाइल्स, डेटाबेसमधून काढलेल्या सीएसव्ही, जनगणनेसारखे आकड्यांचे तक्ते, प्रोग्रॅमचा सोर्स कोड, बिटमॅप चित्रं, कॉम्प्रेस न करता ठेवलेले टिफ स्कॅन, मोठमोठे इंजिनिअरिंग प्रोग्रॅम. लॉगमध्ये तर ओळीमागून ओळ तीच तारीख, तेच नाव, तीच वाक्यरचना. त्या गठ्ठ्याची जागा दहाव्या हिश्श्यावर येणंही नवलाचं नाही. आवाजाच्या डब्ल्यूएव्ही फाइल्सना साधं झिप फारसं लागू पडत नाही, पण त्यांच्यासाठी २००१ पासून फ्लॅक हे खास तंत्र आहे. ते आवाजाचा एक कणही न गमावता फाइल निम्म्याच्या आसपास आणतं. जुन्या नाट्यसंगीताच्या किंवा मुलाखतींच्या ध्वनिफिती डिजिटल करून ठेवणाऱ्यांनी एमपी३ च्या वाटेला न जाता फ्लॅकच वापरावं.

विंडोजचा तो चौकोन आतून काय करतो हे कळलं, की त्याच्या मर्यादाही उलगडतात. एनटीएफएस या फाइल रचनेत ही सोय १९९५ च्या विंडोज एनटी ३.५१ पासून आहे. डिस्कवरची जागा सहसा चार किलोबाइटच्या कप्प्यांत वाटलेली असते. विंडोज फाइलचे सोळा-सोळा कप्प्यांचे, म्हणजे ६४ किलोबाइटचे तुकडे करते आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे दाबून पाहते. निदान एक पूर्ण कप्पा वाचला तरच तो दाबलेला तुकडा ठेवायचा, नाहीतर मूळ तुकडा जसाच्या तसा. ६४ चे ६१ किलोबाइट झाले तर मेहनत फुकट, कारण ६१ ला पण सोळाच कप्पे लागतात. याच कारणाने हजारो चिमुकल्या फाइल्सच्या फोल्डरला या सोयीचा काहीच उपयोग नाही. दोन किलोबाइटची फाइल आधीही एक कप्पा अडवत होती, नंतरही एकच अडवते. तेच फोल्डर झिप केलं तर सगळ्या फाइल्स एका फाइलमध्ये एकापाठोपाठ बसतात आणि अर्धवट रिकाम्या कप्प्यांची जागाही सुटते.

शिवाय हे तंत्र मुद्दाम सौम्य ठेवलेलं आहे. मायक्रोसॉफ्टमधले जुनेजाणते प्रोग्रॅमर रेमंड चेन यांनी त्याची हकिगत सांगितली आहे. त्या काळात विंडोज एनटी इंटेलखेरीज डिजिटल कंपनीच्या अल्फा प्रोसेसरवरही चालायची. बिट सुटे करून हाताळण्यात अल्फा कमकुवत होता. एका संगणकातली डिस्क काढून दुसऱ्यात लावली तर ती चालली पाहिजे, म्हणून सगळ्यांसाठी अल्फाला झेपेल अशीच पद्धत निवडली गेली. अल्फा केव्हाच बाजारातून गेला, पण त्याच्यासाठी आखलेली ती मर्यादा आजच्या लॅपटॉपवरच्या त्या चौकोनामागे अजून शिल्लक आहे.

संपूर्ण ड्राइव्ह दाबण्याची हौस त्याहून जुनी. १९९० च्या सुमाराला पीसीमध्ये ४० मेगाबाइटची हार्ड डिस्क असायची आणि मोठी डिस्क घेणं खिशाला जड जायचं. तेव्हा कॅलिफोर्नियातल्या स्टॅक इलेक्ट्रॉनिक्सने स्टॅकर हा प्रोग्रॅम काढला. ४० ची डिस्क जणू ८० ची व्हायची. तो तुफान खपला. मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये एमएस-डॉस ६.० मध्ये डबलस्पेस नावाने तसंच काही स्वतः दिलं. स्टॅकने पेटंटच्या उल्लंघनाचा दावा लावला, आणि १९९४ मध्ये लॉस एंजलिसच्या ज्यूरीने स्टॅकला १२ कोटी डॉलर्सची भरपाई मंजूर केली. त्याच ज्यूरीने व्यापारी गुपिताच्या प्रतिदाव्यात मायक्रोसॉफ्टलाही १ कोटी ३६ लाख डॉलर्स दिले. एमएस-डॉस ६.२१ मधून कॉम्प्रेशन काढून टाकावं लागलं, आणि ६.२२ मध्ये वेगळ्या पद्धतीने बांधलेलं ड्राइव्हस्पेस आलं.

वापरणाऱ्यांना कोर्टकचेरीपेक्षा वेगळीच गोष्ट लक्षात राहिली. डबलस्पेस सगळा ड्राइव्ह एकाच अवाढव्य, लपवलेल्या फाइलमध्ये कोंबायचं. ती एक फाइल बिघडली की तिच्यात असलेलं सगळंच धोक्यात. त्यातच स्मार्टड्राइव्ह हा प्रोग्रॅम डिस्कवर लिहायचा मजकूर काही क्षण मेमरीत धरून ठेवायचा. तेवढ्यात वीज गेली किंवा कुणी बटण बंद केलं, तर लिखाण अर्धवट राहायचं. डेटा गेल्याच्या तक्रारी इतक्या आल्या, की १९९३ मध्येच एमएस-डॉस ६.२ मध्ये डिस्क तपासणारं स्कॅनडिस्क आणि मेमरीतली गडबड पकडणारं डबलगार्ड द्यावं लागलं. ६.० मध्ये एकदा दाबलेला ड्राइव्ह पुन्हा मोकळा करायची सोयसुद्धा नव्हती, ती ६.२ मध्ये आली. आणखी एक खोच होती. स्क्रीनवर दिसणारी मोकळी जागा हा फक्त अंदाज असायचा, पुढे येणाऱ्या फाइल्सही निम्म्या होतील असं गृहीत धरून केलेला. चित्रं भरायला घेतली, की तो अंदाज कोसळायचा.

आजच्या एनटीएफएसवर हा एकगठ्ठा धोका नाही. प्रत्येक फाइल वेगळी, आणि तिच्यातला ६४ किलोबाइटचा प्रत्येक तुकडाही वेगळा. एखादा सेक्टर खराब झाला तर नुकसान त्या तुकड्यापुरतं राहतं. 'कॉम्प्रेस केलं की फाइल्स करप्ट होतात' असं अजूनही रिपेअरच्या दुकानांत ऐकू येतं, ते मुख्यतः डबलस्पेसच्या दिवसांचं ऋण आहे.

वेगाचं गणित मात्र काळाप्रमाणे फिरत राहिलं आहे. फिरत्या चकतीची हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे मेगाबाइट वाचते. प्रोसेसर तिच्यासाठी थांबून राहतो. तेव्हा डिस्कवरून निम्मं उचलून उरलेलं मेमरीत उलगडणं कित्येकदा सरळ वाचण्यापेक्षा जलद होतं. साटा जोडणीची एसएसडी साडेपाचशे मेगाबाइटपर्यंत जाते. नव्या एनव्हीएमई एसएसडी कित्येक हजार मेगाबाइट ओततात, आणि तिथे एनटीएफएसचं जुनं तंत्रच पायात येतं. पण याचा अर्थ वेगवान डिस्कवर कॉम्प्रेशन निरुपयोगी झालं असा नाही. २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ मध्ये सोनीने उलगडण्याचं काम करणारा स्वतंत्र भाग चिपवरच बसवला. तिची एसएसडी सेकंदाला साडेपाच गिगाबाइट वाचते, पण त्या भागामुळे खेळाला आठ-नऊ गिगाबाइटच्या वेगाने डेटा मिळतो. तिथे कॉम्प्रेशन जागेइतकंच वेगासाठी आहे.

लिनक्सच्या जगातही असाच बदल झाला. यान कोले या फ्रेंच प्रोग्रॅमरने २०११ मध्ये एलझेड४ आणि पुढे फेसबुकमध्ये असताना झेडस्टँडर्ड ही दोन तंत्रं बनवली. ती इतकी चपळ आहेत की त्यांचा भार जाणवत नाही. झेडएफएस ही फाइल रचना दोन्ही वापरते, बीटीआरएफएस झेडस्टँडर्ड वापरते, आणि २०२१ मधल्या फेडोरा ३४ या लिनक्स आवृत्तीपासून फेडोराच्या डेस्कटॉपवर झेडस्टँडर्ड सुरुवातीपासून चालूच असतं. बीटीआरएफएस फाइलचा सुरुवातीचा भाग दाबून पाहते आणि तो आकसत नसेल तर उरलेल्या फाइलचा नाद सोडून देते. विंडोज वापरणाऱ्याला जो निर्णय स्वतः फोल्डर पाहून घ्यावा लागतो, तो तिथे यंत्रणाच घेते. विंडोजमध्येही तसं व्हायला आता काय हरकत आहे, हा प्रश्न रास्त आहे.

एनटीएफएस कॉम्प्रेशन सर्वांत जास्त नडतं ते सतत बदलणाऱ्या फाइल्सना. ६४ किलोबाइटच्या तुकड्यातली चार अक्षरं बदलली, तरी सगळा तुकडा उलगडायचा, बदलायचा, पुन्हा दाबायचा आणि पुन्हा लिहायचा. नव्याने दाबलेला तुकडा आधीपेक्षा मोठा झाला तर तो जुन्या जागी मावत नाही आणि डिस्कवर दुसरीकडे जातो. असं होत होत फाइलचे शेकडो, हजारो तुकडे विखुरतात. हार्ड डिस्कवर त्याने वेग मरतो. एसएसडीवर लिखाणाचा भार वाढतो. म्हणूनच एसक्यूएल सर्व्हरमध्ये चालत्या डेटाबेसच्या फाइल्स कॉम्प्रेस केलेल्या ड्राइव्हवर ठेवायला मनाई आहे. फक्त वाचायचा, लिखाण बंद केलेला डेटा चालतो. व्हर्च्युअल संगणक चालवणारी हायपर-व्ही ही यंत्रणा तर कॉम्प्रेस केलेली व्हर्च्युअल डिस्क जोडायलाच नकार देते. दुकानाच्या हिशेबाचं किंवा दवाखान्याच्या रुग्णनोंदींचं सॉफ्टवेअर ज्या फोल्डरात डेटा ठेवतं, त्याला या चौकोनापासून लांबच ठेवावं. आउटलुकच्या मेलच्या फाइललाही तोच नियम.

एन्क्रिप्शनशीही याचं पटत नाही. नीट एन्क्रिप्ट केलेल्या डेटात पुनरावृत्तीचा मागमूस उरत नाही, मग दाबणार काय? एनटीएफएसवर एकाच फाइलला स्वतःचं एन्क्रिप्शन आणि कॉम्प्रेशन दोन्ही लावता येत नाहीत. एक टिक केली की दुसरी निघते. संपूर्ण ड्राइव्हला लागणाऱ्या बिटलॉकरला मात्र अडचण येत नाही, कारण तो फाइल रचनेच्या खालच्या थरावर, दाबून झाल्यानंतर काम करतो.

याच नावाखाली वावरणारा एक वेगळाच प्रकार आहे आणि त्याची गल्लत महागात पडू शकते. स्पर्धा परीक्षांचे ऑनलाइन अर्ज फोटो आणि सही ठरावीक केबीच्या आत मागतात. महा ई-सेवा केंद्रात किंवा मोबाइलवरच्या एखाद्या साइटवर फोटो 'कॉम्प्रेस' होतो, तेव्हा त्यातले बारकावे कायमचे काढून टाकलेले असतात. ड्राइव्हच्या चौकोनात किंवा झिपमध्ये एक बाइटही जात नाही; इथे मात्र गेलेलं परत येत नाही. अर्जाच्या फोटोला ते चालतं. कागदपत्रांच्या स्कॅनला चालेलच असं नाही. २०१३ मध्ये जर्मन संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांच्या लक्षात आलं, की झेरॉक्सच्या वर्कसेंटर यंत्रावर स्कॅन केलेल्या एका घराच्या नकाशात तीन वेगवेगळ्या खोल्यांचं क्षेत्रफळ एकच, १४.१३ चौरस मीटर, छापून आलं होतं. मूळ कागदावर दोन खोल्यांचे आकडे २१.११ आणि १७.४२ होते. जागा वाचवण्यासाठी यंत्र एकसारखे दिसणारे तुकडे एकदाच साठवत होतं आणि एका आकड्याच्या जागी दुसरा डकवत होतं. स्कॅन धूसर नव्हता, ठळक आणि चुकीचा होता. झेरॉक्सला नंतर सॉफ्टवेअर बदलावं लागलं. सातबारा, फेरफार, मोजणीचे नकाशे यांत क्षेत्राचा एक आकडा म्हणजे जमिनीचा तुकडा असतो. असे कागद स्कॅन करताना सेटिंगमध्ये फाइल लहान करण्याचा आक्रमक पर्याय निवडू नये, आणि मूळ स्कॅन वेगळा जपून ठेवावा.

तर लाल पट्टीचं काय करायचं? आधी ट्रीसाइझ किंवा विझट्रीसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमने कुठल्या फोल्डरने किती जागा अडवली आहे ते पाहावं. फोटो-व्हिडिओ असतील तर ते बाहेरच्या डिस्कवर हलवणं हाच उपाय. लॉग, सीएसव्ही, जुने प्रोजेक्ट, सोर्स कोड यांच्या फोल्डरवर खुशाल टिक करावी. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, अॅडव्हान्स्ड. मग प्रॉपर्टीजच्या खिडकीत 'साइझ' आणि 'साइझ ऑन डिस्क' हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत. दुसरा आकडा पहिल्याच्या जवळपासच असेल तर टिक काढून टाकावी.

प्रोग्रॅम आणि गेम्ससाठी विंडोज १० पासून वेगळी, जास्त चांगली सोय आहे. 'कॉम्पॅक्ट' या कमांडला एलझेडएक्स किंवा एक्स्प्रेस ही नवी तंत्रं सांगता येतात. ज्या फाइल्स एकदा बसवल्या की फक्त वाचल्या जातात त्यांच्यासाठी ती बनवलेली आहेत. अशी फाइल कुणी बदलली तर ती पूर्ण उलगडून साध्या रूपात ठेवली जाते. खुद्द विंडोजलाही या पद्धतीने दाबता येतं, आणि इथे बूट मॅनेजरचा तो जुना घोटाळा होत नाही. ६४ बिट विंडोजवर त्याने सुमारे २.६ गिगाबाइट वाचतात असं मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये सांगितलं होतं. ३२ गिगाबाइटच्या स्वस्त लॅपटॉपवर ही मोठी रक्कम आहे.

दाबलेली फाइल हलवताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. त्याच ड्राइव्हवर ती कट-पेस्ट केली तर दाबलेलीच राहते. कॉपी केली तर ज्या फोल्डरात गेली त्याचा नियम लागतो. पेन ड्राइव्हवर किंवा ई-मेलने ती पूर्ण आकारात जाते, त्यामुळे बॅकअपच्या डिस्कवर मूळ आकाराएवढी जागा धरावी. दुसरं म्हणजे परतीची वाट. २५६ गिगाबाइटच्या ड्राइव्हवर दाबून २८० गिगाबाइटचा ऐवज बसवला, तर टिक काढायची सोय उरत नाही; उलगडायला जागाच नसते. संपूर्ण ड्राइव्ह न दाबण्याचं हेही एक सबळ कारण आहे.

वर्षानुवर्षं न उघडलेल्या कामासाठी झिपच बरं. झिपमध्ये प्रत्येक फाइल वेगळी दाबलेली असते आणि तिच्यासोबत पडताळणीचा आकडा असतो, म्हणून एक बिघडली तरी बाकीच्या वाचू शकतात. इगोर पाव्हलोव्ह यांचं सेव्हन-झिप स्वतःच्या पद्धतीत अनेक फाइल्स एकत्र गुंफून आणखी जागा वाचवतं, पण मध्येच बिघाड झाला तर पुढच्या फाइल्सनाही झळ लागते. मराठी नावं दिलेल्या फाइल्स जुन्या विंडोजच्या अंगच्या झिपमध्ये जातच नसत. विंडोज ७ अशा नावांवर अडून बसायची. सेव्हन-झिपने त्या व्यवस्थित बांधल्या जातात. झिप तयार झाल्यावर त्याच प्रोग्रॅममधलं 'टेस्ट' हे बटण दाबावं. प्रत्येक फाइल उलगडून तिचा पडताळणीचा आकडा जुळतो का ते तपासलं जातं, आणि शेवटी चूक नसल्याचा संदेश येतो. मूळ फोल्डर डिलीट करायचं ते त्यानंतर.